तिसऱ्या रांगेतली खुर्ची

पत्र :

ताई, सलाम. माझं वय ५२. जिल्हा परिषदेच्या शाळेत मुख्याध्यापक आहे. आमच्या चर्चच्या मंडळीचा मी १९ वर्षं सेक्रेटरी होतो. हिशेब, पत्रव्यवहार, नाताळचा कार्यक्रम, नवे पाळक आले की त्यांच्या घराची व्यवस्था, सगळं मीच पाहिलं. एप्रिलच्या वार्षिक सभेत मला पाडलं आणि ज्याला मी रविवारच्या शाळेत शिकवलं त्या ३४ वर्षांच्या मुलाला निवडून दिलं. जूनमध्ये नव्या सभागृहाचं उद्घाटन झालं. त्यासाठी मी एक लाख रुपये दिले होते. कोनशिलेवर माझं नाव नाही. स्टेजवर माझ्यासाठी खुर्ची नव्हती, तिसऱ्या रांगेत बसलो. तेव्हापासून चर्चला गेलेलो नाही. मला अहंकार नाही, पण केलेल्या कामाची जाण नको का? माझ्या आजोबांना गावात कुणी ओट्यावर बसू देत नव्हतं. आम्ही ख्रिस्ती झालो ते माणूस म्हणून मान मिळावा म्हणून. आता मंडळीतच अपमान होणार असेल तर दुसऱ्या मंडळीत गेलो तर काय चुकलं? घरात जेवताना हाच विषय निघतो आणि मुलगी ताट घेऊन आतल्या खोलीत निघून जाते. बायको म्हणते, तुम्ही आधी असे नव्हता. चर्चच्या कपाटाच्या चाव्या अजून माझ्याकडेच आहेत, कुणी मागायलाही आलं नाही. मान मागणं पाप आहे का?

– एक वाचक, नगर जिल्हा

उत्तर :

भाऊ, सलाम.

एकोणीस वर्षं म्हणजे काय, ते मला कळतं. उपासना संपल्यावर सगळे अंगणात बोलत उभे असतात, तेव्हा आत एक माणूस अर्पणाची चिल्लर मोजत बसलेला असतो. दहा-दहाच्या चुरगळलेल्या नोटा सरळ करायच्या, रबर लावायचं, वहीत आकडा मांडायचा, दोघांच्या सह्या घ्यायच्या. तो घरी पोचतो तोवर घरच्यांची जेवणं उरकलेली असतात. इतकी वर्षं हे करणाऱ्या माणसासाठी सभेने आभाराचा ठराव मांडून दोन शब्द बोलायला हवे होते. ते राहिलं असेल तर मंडळीचं चुकलं. तुम्हाला लागलं, यात मला काही वावगं वाटत नाही. हे आधीच लिहून ठेवते, कारण पुढचं थोडं कडू आहे.

आजोबांबद्दलची ओळ वाचून मी पत्र खाली ठेवलं आणि जरा वेळ तशीच बसले. आपल्या नगरला १८३१ साली अमेरिकन मराठी मिशनने ठाणं मांडलं आणि पुढच्या काळात गावकुसाबाहेरच्या कितीतरी घरांनी बाप्तिस्मा घेतला. प्रत्येक घराची कारणं वेगळी होती. माझी आजी मात्र एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगायची. तिच्या लहानपणी प्रभुभोजनाला, म्हणजे येशूच्या शेवटच्या जेवणाची आठवण करायच्या विधीला, एकच प्याला असायचा आणि तो सतरंजीवर बसलेल्या सगळ्यांच्या ओठांना ओळीने लागायचा. ज्यांची सावली पडली तर लोक आंघोळ करायचे, त्यांच्या ओठांचा प्याला शेजारच्याच्या ओठांना लागायचा. आजीला वचनं फारशी पाठ नव्हती, पण तो प्याला ती मरेपर्यंत विसरली नाही.

म्हणून नम्रतेवरचा संदेश सुरू झाला की मी आधी बघते, बोलणारा कोण आणि कोणाला सांगतोय. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या वाकायला लावलं, त्यांनाच देवाच्या नावाने पुन्हा वाका म्हणणं, याला मी सुवार्ता म्हणत नाही. तुमच्या आजोबांचं माणूसपण देवाने आधीच दिलेलं होतं, गावाने ते अडवून धरलं होतं. ते मागणं हे पाप नाही, कधीच नव्हतं.

पण भाऊ, गावातला ओटा आणि सभागृहातलं स्टेज यांत मोठा फरक आहे. ओट्यावर बसू न देणाऱ्यांनी आजोबांना माणसांच्या बाहेर ठेवलं होतं. उद्घाटनाच्या दिवशी तिसऱ्या रांगेत तुमच्या दोन्ही बाजूंना कोण होतं? शेतातून येऊन घाईने हातपाय धुतलेली, इस्त्रीचा एकुलता एक शर्ट घातलेली, मांडीवर पोर घेतलेली तुमचीच मंडळी होती. आजोबांना हवी होती ती जागा सगळ्यांच्या बरोबरची. तुम्हाला त्या दिवशी हवी होती ती सगळ्यांच्या समोरची. आजोबांचं दुःख फार मोठं आहे, ते एका खुर्चीच्या कामी लावू नका.

हे मी तुम्हाला वरून सांगत नाही. माझंच सांगते.

आमच्या मंडळीत प्रभुभोजनाचे छोटे पेले मी ११ वर्षं धुतले. अंगठ्याएवढे काचेचे पेले, गोल भोकांच्या थाळीत एकेक बसवायचे. शनिवारी संध्याकाळी कोमट पाणी घ्यायचं, करंगळीला फडकं गुंडाळून प्रत्येकाचा तळ पुसायचा, मग जुन्या धोतराच्या मऊ तुकड्यावर सगळे पालथे घालायचे. नवे पाळकसाहेब आले आणि त्यांनी ते काम तरुण बायकांमध्ये वाटून दिलं. मला विचारलं नाही. पुढच्या महिन्यात प्रभुभोजनाची थाळी माझ्यासमोर आली. मी पेला उचलला आणि खिडकीच्या उजेडाकडे धरला. तळाला जुन्या द्राक्षारसाचा जांभळट डाग होता. तो बघून मला आनंद झाला, भाऊ. माझ्या प्रभूने सांडलेल्या रक्ताची आठवण करायला तो पेला हातात दिला होता, आणि मला आनंद झाला डाग सापडल्याचा. घरी येऊन दोघींना फोन केले, डागाची बातमी द्यायला. त्यानंतर सात महिने मी एकही रविवार चुकवला नाही. गायले, डोळे मिटून प्रार्थना केल्या, आणि दर वेळी पेल्यात डाग शोधला.

मानाच्या भुकेचा आत्म्याला धोका आहे असं मी म्हणते ते यासाठी. ही भूक माणसाला देवाच्या घरातून बाहेर काढतेच असं नाही. ती त्याला आत बसवून ठेवते आणि त्याची नजर बदलते. दारूचा वास येतो, बायकोला कळतं, पाळक घरी येऊन बसतात. या भुकेला मात्र सेवेचा वास असतो, म्हणून कुणी हटकत नाही, उलट कौतुक करतात. आणि ही भूक भागवायला दुसरा कुणीतरी कमी पडावा लागतो. मला त्या तरुण बाईच्या हातून पेला अस्वच्छ राहायला हवा होता. तुम्ही मनाशी प्रामाणिक राहून बघा : गेल्या चार महिन्यांत नव्या सेक्रेटरीची एखादी चूक कानावर आली, तेव्हा आत काय झालं? पत्र पाठवून त्याचं उत्तर मला कळवू नका. देवाला सांगा.

येशूबरोबर रात्रंदिवस राहिलेल्या बारा जणांचंही हे दुखणं होतं, आणि शुभवर्तमान लिहिणाऱ्यांनी ते झाकून ठेवलेलं नाही, याचा मला फार आधार वाटतो. मार्कच्या नवव्या अध्यायात ते कफर्णहूमच्या वाटेने चाललेत आणि आपसात वाद घालताहेत की आपल्यात मोठा कोण. घरात आल्यावर तो विचारतो, वाटेत कसली चर्चा चालली होती? सगळे गप्प. चर्चा करताना लाज वाटली नव्हती, त्याच्यासमोर उच्चारताना वाटली. आपल्या पंच कमिटीतल्या किती चर्चा अशा आहेत, ज्या प्रभू समोरच्या खुर्चीवर बसलाय असं धरलं तर तोंडातून फुटणार नाहीत.

पुढच्याच अध्यायात तो तिसऱ्यांदा सांगतो की मला धरून देतील, थुंकतील, फटके मारतील, जिवे मारतील. ते ऐकून जब्दीचे मुलगे याकोब आणि योहान जवळ येतात आणि म्हणतात, तुझ्या वैभवात आम्हाला एकाला उजवीकडे आणि एकाला डावीकडे बसव. या दोघांवर आपण संदेशातून भरपूर बोलतो. मला ओळखीचे वाटतात ते उरलेले दहा. ते रागावले. का रागावले? खुर्च्या मागणं वाईट म्हणून रागावले असते तर येशूने सगळ्यांनाच जवळ बोलावून समजावलं नसतं. त्यांच्या मनातल्या खुर्च्या याच होत्या, दोघांनी आधी हात घातला एवढंच. तुमचा राग त्या दहांच्या रागाच्या जवळचा आहे का, ते तपासा. आणि शेवटी उजवी-डावीकडे कोण होतं, तेही मार्कने लिहून ठेवलंय. दोन लुटारू, एकेका वधस्तंभावर.

‘मला अहंकार नाही’ असं तुम्ही लिहिलंत. मीही त्या सात महिन्यांत हेच म्हणत होते, माझा फक्त स्वच्छतेचा आग्रह आहे.

आता आजोबांकडे परत येते, कारण तुमचं औषध तिथेच आहे. योहानाच्या तेराव्या अध्यायात येशू जेवणावरून उठतो, कंबरेला रुमाल बांधतो, गंगाळात पाणी ओतून शिष्यांचे पाय धुतो. हे आपल्याला पाठ आहे. त्याच्या आधीची ओळ आपण घाईने ओलांडतो. तिथे म्हटलंय की पित्याने सगळं आपल्या हाती दिलंय, आपण देवापासून आलो आणि देवाकडे चाललोय, हे ओळखून तो उठला. म्हणजे पाय धुणारा हा स्वतःला कमी समजणारा माणूस नव्हता. आपण कोणाचे आहोत हे त्याला पुरतं ठाऊक होतं. गंगाळ उचलून त्याचं काही कमी होणार नव्हतं, स्टेजवर बसून काही वाढणार नव्हतं. बाराही जणांचे पाय धुतले, त्यात त्याला धरून देणाऱ्या यहूदाचेही होते. तुमच्या आजोबांना बाप्तिस्म्याच्या वेळी हेच मिळालं : तू कोणाचा आहेस याचं उत्तर. ते उत्तर वार्षिक सभेच्या मतदानातून आलेलं नव्हतं, म्हणून मतदानाने जातही नाही. शाळेत तुमच्या हाताखाली शिक्षक आहेत, लोक सर म्हणून उठून उभे राहतात, हे सगळं त्या उत्तराच्या मानाने वरवरचं आहे. निवृत्त झालात की जाईल.

तुम्ही मुख्याध्यापक आहात म्हणून एका शिकलेल्या बाईची आठवण करून देते. पंडिता रमाबाईंना १८७८ साली कलकत्त्याच्या विद्वानांनी ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या, तेव्हा त्या विशीतल्या होत्या. हजारो संस्कृत श्लोक तोंडपाठ. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये वाँटेजला त्यांचा बाप्तिस्मा झाला. बाप्तिस्म्यानंतर त्या मान खाली घालून बसल्या, असं कुणी समजू नये. तिथल्या मठातल्या भगिनींशी आणि धर्मगुरूंशी त्या पत्रांतून वाद घालत होत्या. क्रुसावर लॅटिन अक्षरं का, आमच्या बायकांच्या गळ्यातल्या क्रुसावर संस्कृत का नको, असं विचारत होत्या. आणि याच बाईने पुढे पुणे जिल्ह्यातल्या केडगावला, आपल्या मुक्ती मिशनमध्ये, दुष्काळातून वाचलेल्या मुलींमध्ये राहून, हिब्रू आणि ग्रीक शिकून, पवित्र शास्त्राचं मराठी भाषांतर हाती घेतलं. कुठल्या मराठीत? पंडितांना वाहवा म्हणायला लावणाऱ्या मराठीत नाही. नुकती अक्षरओळख झालेल्या बाईला वाचता येईल अशा साध्या मराठीत. १९१९ मध्ये सरकारने कैसर-ए-हिंद पदक दिलं, ५ एप्रिल १९२२ ला त्या गेल्या, आणि शेवटच्या वर्षांतला त्यांचा जीव या भाषांतरात अडकलेला होता. छपाई मुक्तीतल्याच छापखान्यात झाली.

मला नम्रता समजली ती यांच्याकडून. त्या धर्मगुरूंपुढे झुकल्या नाहीत, आणि आपली सगळी विद्या अक्षरं जुळवत वाचणाऱ्या एका पोरीच्या हाताला लागेल इतकी खाली ठेवली. म्हणून उद्या नव्या कमिटीच्या हिशेबात खरोखर घोळ दिसला तर गप्प बसू नका. सभेत उभे राहून स्पष्ट विचारा. तेवढं मात्र बघा की प्रश्न मंडळीच्या पैशासाठी आहे की पेल्यातल्या डागासाठी.

दुसऱ्या मंडळीत जाण्याबद्दल. कुठे जाऊच नये असं काही मी म्हणत नाही, आणि काही मंडळ्यांमधून उठून जावं लागतं हेही मी पाहिलंय. पण आत्ता जाल ते दुखणं बरोबर घेऊन जाल. नव्या ठिकाणी तुमचा अनुभव बघून दोन वर्षांत तुम्हाला कमिटीत घेतील, आणि हे सगळं पुन्हा पहिल्या पानापासून सुरू होईल. आधी बरे व्हा, मग ठरवा.

कोनशिलेचा विषय मनातून काढा. नाव घालायला सांगूही नका, दुसऱ्याकरवी सुचवूही नका. लोकांनी बघावं म्हणून देणाऱ्यांबद्दल येशूने म्हटलंय की ते आपलं प्रतिफळ भरून पावले. तुमचं अजून यायचंय. उद्घाटनाच्या दिवशी दगडावर नाव कोरलं असतं तर हिशेब तिथेच मिटला असता.

या रविवारी चर्चला जा. कुठे बसू म्हणाल, तर बायको-मुलीसोबत जिथे जागा मिळेल तिथे. मुद्दाम शेवटच्या बाकावर जाऊन बसू नका. लूकच्या चौदाव्या अध्यायात खालच्या जागेवर बसायला सांगितलंय खरं, पण ‘मित्रा, वर येऊन बस’ असं कुणीतरी म्हणेल याची वाट बघत खाली बसणं हीदेखील खुर्चीचीच धडपड आहे. मी ती केलेली आहे. मागच्या बाकावरून सारखं कळत राहतं की कोणी वळून पाहिलं आणि कोणी नाही.

त्याआधी घरात. मुलगी ताट घेऊन आत जाते, हे वाक्य तुम्ही ओघात लिहून गेलात, पण तुमच्या सगळ्या पत्रात मला तेच सर्वांत जास्त लागलं. ती मंडळीबद्दल जे काही ऐकतेय ते जेवणाच्या वेळी तुमच्या तोंडून ऐकतेय. आज रात्री तिला सांगा, माझं चुकलं. कारणं देत बसू नका, ती तुमच्यापेक्षा चांगली जाणते. आणि काही दिवस जेवताना चर्चचं नाव काढू नका. तिच्या कॉलेजचं विचारा, परीक्षेचं विचारा, काहीही विचारा.

त्या तरुण सेक्रेटरीसाठी रोज त्याचं नाव घेऊन प्रार्थना करा. पहिले काही दिवस ती प्रार्थना म्हणजे तक्रारीचा अर्ज होईल. होऊ द्या. तरीही नाव घेत राहा.

माझं कसं सुटलं, ते विचाराल म्हणून सांगते. एका शनिवारी रात्री नऊच्या सुमाराला मी विसरलेली छत्री आणायला चर्चमध्ये गेले. मागच्या नळाखाली ती तरुण बाई उकिडवी बसून पेले धुत होती. कंपनीतून सुटून परस्पर आलेली, गळ्यात अजून ओळखपत्र. तिथला बल्ब गेलेला, मोबाइलचा टॉर्च तिने नळाच्या पाइपला टेकवून ठेवलेला, आणि कडेवर सात-आठ महिन्यांचं लेकरू. एका हाताने धुत होती. डाग कुठून येत होते ते मला कळलं. तिने मान वर करून विचारलं, ‘ताई, तळ कसा निघायचा हो तुमच्याकडून?’ सात महिन्यांत मी हे तिला एकदाही सांगितलं नव्हतं. त्या रात्री सांगितलं. पेल्यांना हात लावला नाही. लेकराला घेऊन पायरीवर बसले, तिचं होईपर्यंत. अजूनही महिन्यातून एका शनिवारी जाते. लेकरू आता पळतं, त्यामुळे जास्त दमायला होतं.

राहता राहिल्या चाव्या. कुणी मागायला आलं नाही असं तुम्ही लिहिलंत. मला वाटतं, तो पोरगा घाबरत असेल. ज्यांनी आपल्याला दहा आज्ञा पाठ करून घेतल्या त्यांच्या दारात चाव्या मागायला जाणं सोपं नाही. तुम्हीच जा, रविवारपर्यंत थांबू नका. शनिवारी संध्याकाळी त्याला चर्चमध्ये बोलवा आणि कपाट उघडून सगळं दाखवा : जागेची कागदपत्रं कुठल्या कप्प्यात, बाप्तिस्म्याची जुनी नोंदवही कुठे, कुठल्या पानांना कसर लागलीय. जुन्या कपाटांची कुलपं अडतात, दार जरा उचलून धरल्याशिवाय चावी फिरत नाही. तुमच्याही कपाटाचं असं काही असेल तर तेही त्याच्या हाताने दोन-तीनदा करून घ्या. मग त्याच्या घरी चहा घेऊनच निघा.